‘थांब’ हा शब्द पोहोचलाच नाही तर?

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की काही प्रतिकृती न चुकता हजेरी लावतात. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, पवनचक्की ही मंडळी जुनीच. अलीकडच्या काही वर्षांत त्यांच्या रांगेत एक नवी पाहुणी येऊन बसली आहे, ती म्हणजे मोबाइलवरून वाय-फायने चालवायची गाडी. रायगडच्या किनारपट्टीतल्या एका तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना एकाच दालनात अशा पाच गाड्या पाहायला मिळाल्या. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते. मग दरवर्षी शेकडो मुले जी वस्तू बनवतात तिचे का होऊ नये? म्हणून हा लेख. त्यात दोष दाखवले असले तरी ते मुलांचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम गाडीची ओळख. चार पिवळ्या मोटरी, त्यांची प्लास्टिकची चाके, मोटरींना प्रवाह पुरवणारा एल२९८एन हा बोर्ड, सेलचा डबा आणि या सगळ्यांचा मेंदू म्हणून ईएसपी८२६६ ही चिप. एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची ही चिप २०१४ च्या सुमारास बाजारात आली. एक छोटा संगणक आणि वाय-फायचा प्रक्षेपक व ग्राहक असे सारे एकाच तुकड्यात, आणि तेही शाळेला परवडेल अशा किमतीत मिळू लागले. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची बिनतारी साधने वापरण्यासाठी लागणारा परवाना २००५ मध्ये रद्द झाला होता. पुढे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आली आणि निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. या तीन गोष्टी जुळून आल्या नसत्या तर किनाऱ्यावरच्या खेड्यातल्या नववीच्या मुलाच्या हाती बिनतारी संगणक जाल आले नसते. हे मोठेच काम झाले आहे आणि त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. पहिल्या गाडीच्या मुलाने मोबाइलच्या पडद्यावरचे ‘पुढे’ हे बटण दाबले. गाडी निघाली. त्याने बोट उचलले. गाडी चालतच राहिली, टेबलाच्या कडेवरून खाली गेली आणि तिचे एक चाक निखळले. मुलगा कावराबावरा झाला. “सर, नेटवर्क गेलं,” तो म्हणाला. मार्गदर्शक शिक्षकांनीही मान डोलावली आणि तो खुलासा आम्ही परीक्षकांनी मान्य करून टाकला. माझ्या मते त्या दिवशीची खरी चूक ही होती. नेटवर्क जाणारच, ते त्याच्या स्वभावातच आहे. ते गेल्यावर गाडीने काय करायचे, हे कुणी ठरवले होते?

मी त्या मुलाची आज्ञावली पाहायला मागितली. बटण दाबले की मोबाइल ‘एफ’ हे अक्षर पाठवतो आणि बोट उचलले की ‘एस’. मधल्या काळात संपूर्ण शांतता. म्हणजे गाडीशी होणारा सारा संवाद दोन अक्षरांचा, आणि त्यातले दुसरे अक्षर हवेत हरवले तर गाडीच्या दृष्टीने पहिला हुकूम अजून कायम आहे. ती चालत राहते ती बिघडली म्हणून नव्हे, तर आज्ञाधारक आहे म्हणून! दालनातल्या इतर गाड्यांच्या आज्ञावल्या नंतर पाहिल्या. एक सोडली तर सगळ्यांची रचना हीच होती, कारण संचाबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतून आणि चित्रफितींतून ती जशीच्या तशी उतरवली जाते.

गंमत अशी की जत्रेत मिळणारी २७ मेगाहर्ट्झची साधी खेळण्यातली गाडी या बाबतीत अधिक शहाणी असते. तिच्या रिमोटवरचे बटण दाबलेले असेपर्यंत तोच संकेत पुन्हापुन्हा जात राहतो. छंद म्हणून दूरनियंत्रित मोटारी आणि विमाने चालवणाऱ्यांच्या जुन्या संचांत तर हे अधिकच काटेकोर होते. सुकाणू किती वळवायचे हे सांगणारा १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा स्पंद दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, नव्याने पाठवला जाई. त्यातला एखादा हरवला तरी पुढचा लगेच हजर असे. २००५ च्या आसपास हे छांदिष्ट लोकही २.४ गिगाहर्ट्झकडे वळले, पण संदेश सतत पाठवण्याची सवय त्यांनी सोडली नाही. शिवाय संकेत तुटला तर मोटर बंद व्हावी, अशी सोय ग्राहकातच करून घेतली.

मुलांना हे समजावताना मुंबईच्या लोकलचे उदाहरण द्यावे. मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ आली आणि हात सैल पडला तर ब्रेक लागतात. थांबण्यासाठी त्याने काही करावे लागत नाही. चालत राहण्यासाठी करावे लागते. आपल्या वाय-फायच्या गाडीत नेमके याच्या उलट आहे.

उपाय कठीण नाही. मोबाइलने बटण बदलो वा न बदलो, सेकंदाला दहा-वीस वेळा आजचा हुकूम पाठवत राहावे. प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्यावा. शेवटचा संदेश कधी आला ती वेळ गाडीने लक्षात ठेवावी आणि त्यानंतर तीन दशांश सेकंद काहीच आले नाही, तर मोटरी बंद कराव्यात. आज्ञावलीत पाच-सहा ओळींची भर पडते. सातवी-आठवीतल्या मुलांना ती समजते, कारण ‘बराच वेळ हाक आली नाही तर थांब’ हे सांगायला संगणकाची भाषा लागतच नाही.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात बिनतारी नौका चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला तिचे पेटंट मिळाले. त्या नौकेत प्रत्येक संकेताबरोबर आतली एक चकती एकेक घर पुढे सरकत असे आणि चकतीच्या स्थितीनुसार सुकाणू वळे. एक संकेत चुकला की पुढची सारी मोजणी चुकायची. टेस्लाच्या काळात दुसरा मार्ग सहज उपलब्ध नव्हता. आपल्यापाशी तो असताना आपण मुलांना तिथेच नेऊन सोडतो आहोत.

पण संदेश हरवतो तरी का? इथे खरा अभ्यासाचा विषय सुरू होतो आणि नेमका इथेच आपल्या प्रदर्शनांतला तक्ता रिकामा असतो. संगणकांचे पहिले मोठे बिनतारी जाल १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले. बेटाबेटांवरचे संगणक एकाच वारंवारतेवर बोलत. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाई. तेव्हा युक्ती अशी केली की ‘पोहोचले’ असा निरोप परत आला नाही, तर प्रत्येकाने वाटेल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच उपयोगी पडतो, बाकीचा टकरींत आणि रिकामा जातो. १९९७ मध्ये आलेल्या वाय-फायच्या मानकात यावर सुधारणा आहे. बोलण्याआधी ऐकायचे, कुणी बोलत असेल तर थांबायचे आणि मग प्रत्येकाने आपल्यापुरता चिठ्ठी टाकून ठरवलेला थोडा वेळ वाट पाहायची. पोच न आल्यास पुन्हा पाठवायचे, हे मात्र कायम राहिले.

वर्गात हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. दहा मुलांना डोळे मिटून एकेक वाक्य बोलायला सांगा. दोघे एकदम सुरू झाले तर दोघांनी थांबायचे आणि मनात फासा टाकून तितके आकडे मोजून पुन्हा सुरुवात करायची. पाच मुले असताना काम झटपट होते. चाळीस असताना काय होते ते सांगायला नको. प्रदर्शनाच्या दालनात पालकांच्या खिशांत चाळीस मोबाइल असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. घरी व्हरांड्यात छान चालणारी गाडी प्रदर्शनात अडखळते ती यामुळे. परीक्षकांची नजर लागली म्हणून नव्हे.

रायगडच्या शिक्षकांना तर या विषयाचे उदाहरण घरचेच आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा तिथे आली ती मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी अनेक दशके चालल्या होत्या; ट्रामच्या प्रवाहाने त्या बिघडतील हे ओळखून संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला. एकाचा कामाचा प्रवाह हा दुसऱ्याचा गोंगाट असतो. आणि गोंगाट येण्याआधी त्याचा विचार करता येतो, हेही त्या दोन वर्षांत दिसते.

संदेश हरवला नाही, नुसता उशिरा आला, तर? अनेक संचांत संगणक जालातली अशी पद्धत वापरतात की सर्व संदेश न चुकता आणि क्रमानेच पोहोचले पाहिजेत. पूर्वीच्या रजिस्टर पत्रासारखे हे आहे. पत्रिका पाठवायला ते उत्तम, गाडी हाकायला वाईट. कालचे पत्र सापडेपर्यंत आजचे अडवून ठेवणारा पोस्टमन काय कामाचा? गाडीला कालचा हुकूम नकोच असतो. इथे साध्या पोस्टकार्डासारखी पद्धत बरी: मिळाले तर मिळाले, नाहीतर पुढचे येतेच आहे. हा फरक मुलांना सांगितला तर ती स्वतःच दोन्ही पद्धतींनी गाडी चालवून पाहतात आणि कोणती अंगावर येते ते त्यांना कळते.

उशीर किती चालेल, हे गाडीच्या वेगावर अवलंबून असते. सेकंदाला दोन मीटर वेगाने धावणाऱ्या गाडीपर्यंत हुकूम ०.३ सेकंदाने पोहोचला तर तेवढ्यात ती ६० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आता चंद्रावर जाऊ. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले आणि त्यातून प्रज्ञान ही सहा चाकी गाडी बाहेर आली. पृथ्वीवरून संदेश जाऊन परत यायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे २.६ सेकंद लागतात. शिवाय प्रज्ञान थेट पृथ्वीशी बोलत नव्हती, तिचा निरोप विक्रम या अवतरकामार्फत येई. तरीही तिला धोका कमी, कारण तिचा वेग होता सेकंदाला १ सेंटिमीटर. २.६ सेकंदांत तिची प्रगती पुरती तीन सेंटिमीटरसुद्धा नाही. २७ ऑगस्टला तिच्यापुढे ३ मीटर अंतरावर ४ मीटर व्यासाचे विवर दिसले, तेव्हा तिला मागे फिरण्याचा हुकूम द्यायला शास्त्रज्ञांना पुरेसा अवकाश मिळाला. वेग आणि उशीर यांचा गुणाकार किती, हा प्रश्न विचारला की टेबलावरची गाडी आणि चंद्रावरची गाडी एकाच गणितात बसतात. आमच्या दालनात प्रज्ञानची चित्रे तीन तक्त्यांवर होती. गुणाकार एकावरही नव्हता.

आता ‘नेटवर्क गेलं’ या खुलाशाची आणखी एक बाजू. पुष्कळदा नेटवर्क गेलेलेच नसते. या गाड्यांत मोटरी आणि चिप यांना एकाच डब्यातल्या सेलांवर पोसतात. मोटर थांबलेल्या स्थितीतून निघताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. सेल थोडे उतरलेले असले की त्या क्षणी दाब खाली येतो. चिपला ३.३ व्होल्ट स्थिर हवे असतात आणि प्रक्षेपणाच्या क्षणी तिला स्वतःलाही बराच प्रवाह लागतो. दाब पडला की ती बंद पडून नव्याने सुरू होते आणि मोबाइलशी पुन्हा जोडली जाईपर्यंत काही सेकंद जातात. त्यात एल२९८एन हा जुन्या धाटणीचा बोर्ड स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो. चिपला वेगळे सेल द्या. ‘नेटवर्क’ आश्चर्यकारकरीत्या सुधारते. ज्याला आपण बिनतारी दोष म्हणतो तो तारेतला असू शकतो, ही शहानिशा बहुमापी हाती असलेल्या कोणत्याही शाळेला करता येईल.

एका गाडीच्या तक्त्यावर ‘जगात कुठूनही नियंत्रण’ असे ठळक लिहिले होते. त्यात मोबाइलचा हुकूम इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या सर्व्हरवर जातो आणि तिथून दोन फुटांवरच्या गाडीकडे परत येतो. ऐकायला भव्य आहे. पण दोन फुटांसाठी एवढा वळसा कशाला? रायगडच्या किनाऱ्याला तर हा प्रश्न पडायलाच हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूडकडच्या अनेक गावांत वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवर विसंबलेले साधन निव्वळ खोके ठरते. ईएसपी८२६६ मात्र स्वतःच एक छोटे वाय-फाय जाल उभे करू शकते. मोबाइल त्याला थेट जोडायचा, इंटरनेट लागतच नाही. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचपैकी चार गटांना सांगता आले नाही. खरे तर ते शिकवायला या गाडीइतके चांगले साधन दुसरे नाही.

संचाच्या खोक्यावर ‘पल्ला १०० मीटर’ असे छापलेले असते आणि तक्त्यावर तेच उतरते. किनाऱ्यावरच्या शाळांना ते तपासण्याची जागा तयार आहे. ओहोटीच्या वेळी अलिबाग, नागाव किंवा काशीदला ओल्या वाळूचा जो सपाट पट्टा उघडा पडतो, तिथे गाडी सोडा. समोर भिंत नाही, झाड नाही, तरी गाडी लवकरच ऐकेनाशी होते. मुलांना याचे नवल वाटते. कारण असे की लाट मोबाइलपासून गाडीपर्यंत दोन वाटांनी जाते: एक सरळ आणि एक वाळूवरून परावर्तित होऊन. अगदी तिरप्या कोनात परावर्तन होताना लाट उलटी होते. गाडीचा अँटेना जमिनीलगत असला की दोन्ही वाटांची लांबी जवळजवळ सारखी, म्हणून सरळ आणि उलटी लाट एकमेकींना बव्हंशी पुसून टाकतात.

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. मोबाइल दीड मीटर उंचीवर आणि गाडीचा अँटेना १० सेंटिमीटरवर धरला, तर ठोकळ हिशेबाने सुमारे ५ मीटरनंतरच हा परिणाम सुरू होतो. तेथून पुढे अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौपट नव्हे, सोळापट कमी होते. उलट अँटेना १० ऐवजी ४० सेंटिमीटर उंचीवर नेला तर शक्ती सोळापट वाढते, म्हणजेच पल्ला सुमारे दुप्पट व्हायला हवा. होतो का? बांबूची एक काडी, दोरीवर मीटरच्या खुणा आणि एक शनिवार सकाळ एवढेच लागते. मिळालेल्या संकेताची ताकद चिप स्वतःच आकड्यांत सांगते. वाळू आरशासारखी सपाट नसते, त्यामुळे उत्तर गणिताप्रमाणे तंतोतंत येणार नाही, आणि ते किती चुकते हेच नोंदवहीत लिहिण्याजोगे आहे. परतल्यावर गियरमधली वाळू आणि तारांवरचे खारे दव तेवढे पुसावे, नाहीतर आठवड्यात सांधे हिरवे पडतात.

आता आम्हा परीक्षकांविषयी. पहिला क्रमांक कॅमेरा लावलेल्या गाडीला गेला. चित्र मोबाइलवर दिसत होते, थोडे अडखळत, पण दिसत होते, आणि गर्दी तिथेच होती. मीही तिला भरघोस गुण दिले, हे कबूल करतो. आमच्या गुणपत्रकात सादरीकरणाला रकाना होता, उपयुक्ततेला होता. ‘संदेश हरवला तर काय?’ असा नव्हता. तो नसल्याचे मला घरी परतल्यावर सुचले. मार्गदर्शक शिक्षक गुणपत्रक पाहूनच तयारी करून घेतात, त्यात त्यांचा काय दोष? पुढच्या वर्षी मुले काय बनवून आणतील, ते यंदा आपण कशाला गुण दिले यावरून ठरते.

पाचवी गाडी दोन मुलींची होती आणि वर जी एक आज्ञावली वेगळी म्हटली ती त्यांचीच. तिला कॅमेरा नव्हता, रंगही नव्हता. तिच्यावर एक लाल दिवा होता आणि अर्धा सेकंद हुकूम आला नाही की तो लागे आणि गाडी थांबे. त्यांनी ती शाळेच्या व्हरांड्यातून चालवत नेली होती, जिथे दिवा लागला तिथे खडूने फुली मारली होती आणि त्या फुल्या आलेखाच्या कागदावर उतरवल्या होत्या. आमच्या यादीत तिचा क्रमांक लागला नाही. जिन्यापाशी एका फुलीभोवती दोन वेळा गोल केला होता. “सर, इथे दर वेळी लागतो, मोबाइल जवळ असला तरी. का ते कळलं नाही,” त्यांच्यातली एक म्हणाली. मलाही लगेच सांगता आले नाही. जिन्याला लोखंडी कठडा आहे का, एवढे मी विचारले. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि “आहे,” म्हणाल्या.